वारा पडल्यावरचा दिवा

बाबा, येरेमेन्ताऊहून तुमच्या मेरुएर्तचा सलाम.

मी उबेत आहे, पोटभर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

मी पवनचक्क्यांवर नोकरी धरली तेव्हा तुम्ही माझा चहाचा प्याला काठोकाठ भरलात, पाहुण्याला 'आता ऊठ' सांगायला भरतो तसा. वर विचारलंत, "वारा पडला की काय जाळशील, पोरी?"

परवापासून वारा पडलाय. आमचं एकही पातं हलत नाही, तरी खोलीत दिवा आहे, म्हणजे वीज तुमच्या कोळशाचीच. फोनवर आई म्हणते, बाबा झोपलेत. भरदिवसा तुम्ही कधी झोपलात? डॉक्टरांनी मनाई केली असताना पुन्हा वीजकेंद्रात कोळशाच्या बॉयलरवर गेलात ना?

दिवा चालू आहे तोवर तुमच्या छातीची काळजी. विझला, तर तुम्हालाच काही झालं का हा घोर; मग विचारूच नका.

वारा सुटला की येते. या खेपेला प्याला अर्धाच भरा.

तुमचीच,
मेरुएर्त