रायचा तुकडा

११ जानेवारी १९८४
सापडलं! गव्हाच्या गुणसूत्राला राय या परदेशी धान्याच्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलाय. टोकाला तो गडद पट्टा — गव्हाला असा नसतो. गहू आणि राय यांच्या संकराला गॅमा किरण दिले, गुणसूत्रं तुटली, आणि इतक्या रोपांत या एकात तुकडा हवा तसा जोडला गेला. शेजारची रोपं तांबेरा रोगानं करपलीत, हे हिरवंगार. ह्यांना हाक मारली. घरी नवरा, इथं प्रयोगशाळेत विभागप्रमुख. मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाले, "जिंकलो आपण." आपण!

२ मार्च १९८५
परिषदेत ह्यांचं भाषण. पडद्यावर माझ्या काचपट्टीचा फोटो, माझं नाव कुठंच नाही. परतताना गाडीत विचारलं. "नवरा-बायकोची नावं शेजारी बरी दिसत नाहीत. लोक काय म्हणतील?"
सासूबाई म्हणाल्या, "श्रेय घरातच राहिलं ना?"
राहिलं. भांडीही घरातच राहिलीत, ती घासली.

७ एप्रिल १९८६
आता दळण्याइतकं धान्य झालंय. पीठ मळून पाहिलं — नुसता लगदा, हातापासून सुटेना. तांबेरा रोखणाऱ्या गुणाबरोबर त्या तुकड्यातून रायचा चिकटपणाही आलाय. पुन्हा किरण देऊन तुकडा आणखी लहान करायला हवा. ह्यांना सांगितलं.
"चांगल्या कामाला नाट लावू नकोस. वाण लवकर बाहेर काढायचाय."
किरणांच्या खोलीत जायला ह्यांची सही लागते. दिली नाही.

१९ ऑक्टोबर १९८७
वाण बाहेर आला. ह्यांच्या गळ्यात हार.

१४ जून १९८९
पावाच्या कारखान्यांनी गहू परत पाठवला, कणीक यंत्राला चिकटते म्हणून. चौकशी बसली. हे घरी आले, कधी नव्हे ते माझ्याजवळ बसले. "तुकडा तूच शोधलास, हे मी सगळ्यांना सांगितलंय."
हेच वाक्य ऐकायला किती झुरले होते मी. आज ऐकून तोंड कडू झालं.

२० जून
चौकशीत विचारलं, "काम तुमचंच?"
"तुकडा माझा. तसाच बाहेर काढायचा हट्ट ह्यांचा. मी नको म्हटलं होतं."
हे शेजारीच होते. चष्मा पुसत राहिले.
घरी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घर मोडलंस."

३ ऑगस्ट
दुसऱ्या संशोधन केंद्रात रुजू झाले. राहायला एक खोली मिळालीय. हे सोडायला आले नाहीत. मी सांगितलंही नव्हतं.