परक्यानं लावलेली किंमत

रेणापूर,
नोव्हेंबर १९८२

प्रिय साहेबराव,

‘प्रिय’ हा शब्द माझा न्हाई. पत्र असंच सुरू होतं म्हणून लिहिणारीनं तो घालून ठेवला. मी दुसराच सांगितला होता. तो पत्रात बसत न्हाई म्हणाली. लिहिणारी कोण ते अक्षरावरून तुला कळायचं न्हाई. चार वर्षांत तिची पाकिटं फोडली असतीस तर कळलं असतं. तुझी बायको आहे, पंचशीला. मी बोलायलेय, ती लिहायलीय. मधेच पेन थांबवती, मग मी कोपरानं ढोसते.

तुझी ही आजी बरी आहे. विचारलं न्हाईस, तरी सांगते. दात दोनच उरलेत, पण तुला चावायला पुरेत. यंदा पाऊस कमीच. आडात पोहरा टाकला की आधी दगडाचा आवाज येतो. बाकी आपलं लातूर जिल्हा झालं. त्याचा रुबाब एवढा, की एसटीचा कंडक्टरसुद्धा आता लातूर म्हणत न्हाई, ‘चला जिल्हा, जिल्हा’ म्हणून ओरडतो.

तू मुंबईला कस्टममध्ये लागलास तेव्हा गावानं पेढे खाल्ले, मी न्हाई. आमच्या काळी त्याला करोडगिरी म्हणत. इकडं निजामाचं राज्य, बार्शीकडं इंग्रजाचं, मधे नाका. माझं माहेर पलीकडं. एकदा भावानं गिरणीच्या पगारातून मला लुगडं घेतलं. नाकेदारानं किंमत विचारली. भावानं दिल्याला कसली आली किंमत, असं मी म्हणाले. त्यानं लुगडं भुईवर टाकायला लावलं, काठीनं उलगडलं, आणि मागं उभ्या कापडवाल्याला विचारलं की असलं लुगडं लातूरच्या बाजारात कितीला जातं. तो बोलला त्या किमतीवर महसूल लावला. आमच्या हातचं लुगडं त्याला शिवायचं नव्हतं. पैशाला मात्र हात चालला.

म्हणून तू पहिल्या सुट्टीला आलास तेव्हा मी विचारलं, बाबा, तूही काठीनंच उलगडतोस का? तू लई हसलास. मग ओसरीवर बसून समजावून सांगितलंस. जहाजातून यंत्र येतं, संगं बिल येतं. पण बिलावरचा आकडा लगेच खरा धरायचा न्हाई. विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या धंद्यात गुंतलेले, नात्यागोत्यातले असले, तर ते आपसात काहीही आकडा लिहितील. मग तसंच यंत्र त्याच सुमाराला कुणा परक्यानं कितीला घेतलं ते हुडकायचं. परक्यानं मोजलेली किंमत खरी. मला पटकन समजलं. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि ही पंचशीला रस्त्यावर खडी फोडत होतो. मुकादम आपल्या मेव्हण्याचा ढीग फुगवून मापायचा, आमचा दाबून. तू शिकलास ते पंख्याखाली, मी शिकले ते उन्हात.

पुढं मामाची पोरगी म्हणून तुझं हिच्याशी लगीन लावलं. मुंबईत खोली मिळाली की नेतो म्हणालास. खोली मिळाली, तिला गॅलरी आहे, गॅलरीत मोगरा आहे, हे सगळं तुझा चुलतभाऊ मारोती बघून आला. येताना तुझा निरोपही घेऊन आला. नात्यातली म्हणून माझ्या गळ्यात बांधली, बाहेर तिला कोण विचारणार होतं? त्या येड्यानं हा निरोप हिच्यासमोरच सांगितला. ही भाकरी थापत होती. थापायची थांबली न्हाई, पण ती भाकरी इतकी पातळ झाली की तव्यावर टाकताना फाटली. त्याच वर्षी तिनं शाळेत पुन्हा नाव घातलं. मॅट्रिक झाली. मग लातूरला टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली. गावातल्या बाया म्हणायच्या, नवरा न्हाई तर मशीन बडवती. मी त्यांना काय म्हणायची ते ही लिहीत न्हाई.

तुझं बरोबर आहे, साहेब. माझी, तुझ्या मामाची, आमची सगळ्यांची किंमत नात्यातली. ती धरू नकोस. परक्याची ऐक. जिल्हा झाला तसं नव्या कचेरीत टायपिस्ट पाहिजे होते. मुलाखतीला तिघं बसले होते. एक कोकणातला, एक नागपूरकडचा, तिसऱ्यानं म्हणे तोंडच उघडलं न्हाई. त्यांना रेणापूर ठाऊक न्हाई, मी भामाबाई ठाऊक न्हाई, आणि तू तर मुळीच ठाऊक न्हाईस. एवढ्या पोरापोरींतून त्यांनी हिला घेतलं. सोमवारी हजर व्हायचंय. आता बोल. कायदा तुझा, माणसं परकी, आणि जिन्नस तोच, जो तू परत ढकलला होतास.

ही खबर तुझ्यापर्यंत बरी लवकर पोचली! परवा मारोती तुझा दुसरा निरोप घेऊन दारात उभा. पंचशीलेला तयार ठेवा, न्यायला येतो, मुंबईला बदली करून घेऊ. काल गळ्यातलं लोढणं होतं, आज त्याला पगार लागला म्हणून डोक्यावर घेतोस होय रे? मारोतीला मी चहासुद्धा दिला न्हाई. पण जायचं की राहायचं हे मी ठरवणार न्हाई. हिच्या मनात काय आहे ते मी विचारलेलं न्हाई. गेली तर अडवणार न्हाई, लातूरला खोली करून राहिली तरी अडवणार न्हाई. माझं काय, मला शेळी आहे, दार आहे, दारात बसायला दगड आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. तिचं पाकीट तू फोडत न्हाईस, माझं फोडतोस. म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी नाव माझं घातलं, आणि पत्ता माझ्या नेहमीच्या पत्रांसारखा पोस्टातल्या शेषेरावांकडून लिहून घेतला. वर माल माझा, आत तिचा. असल्या पेट्या तू रोज पकडत असशील, ही न्हाई पकडता आली. माझ्या नावाखाली तिला जागा सोडायला सांगितलीय. तिथं ती काय लिहील ते मला वाचता यायचं न्हाई, आणि मी वाचून दाखव म्हणणार न्हाई. अक्षर येत न्हाई म्हणून जन्मभर हळहळले. आज पहिल्यांदा बरं वाटायलंय.

तुझीच, अजून तरी,
आजी भामाबाई


न्यायला येऊ नका. आजीला मी लातूरला माझ्याजवळ नेत आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

पंचशीला