उपाशीपोटी

४ मार्च

विसरलीस ना! काल तासभर बोलले तुझ्याशी, आणि आज बघते तर पान कोरं. मला अक्षरं येत नाहीत, पण काळं-पांढरं कळतं हो! नातीनं शिकवलंय — मोबाइलवरचं हे चित्र दाबायचं, बोलायचं, की तुझं, या डायरीचं, पान आपलं आपण लिहिलं जातं. मी दाबलंच नसेल म्हणशील. दाबलं होतं! तूच विसराळू.

तर पुन्हा सांगते. माझी लेक ठकी. वय सेहेचाळीस, तरी ठकीच. तिचं वजन उतरवायचं ऑपरेशन ठरलंय, पोट कापून लहान करणार. साखर वाढलीय, गुडघे बोलतात, शिवणकारखान्याचे दोन जिने चढताना तीनदा टेकते. त्याआधी उद्या सकाळी घशातून नळी घालून पोट आतून बघायचंय. "रात्री आठनंतर काही खायचं नाही," असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. दोन्ही वेळा माझ्याकडे बघून! मी काय केलं?

५ मार्च

पोटात अन्न निघालं.

ठकी अजून गुंगीत होती. डॉक्टरीणबाईंनी जावयांना आणि मला आत घेतलं. "यांनी काही खाल्लं होतं का?" जावई म्हणाले, "छे हो! रात्री सातला जेवली तेवढंच." बाईंचा चेहरा उतरला. म्हणे, इतक्या तासांनी पोट रिकामं हवं. अन्न पुढे सरकत नाहीये. पोटाच्या खालच्या तोंडाशी सूज आहे, आणि तिथे काही अडलंय का, ते अन्नामुळे नीट दिसलं नाही. सुजेचा तुकडा काढून तपासायला दिलाय. ऑपरेशन तूर्त बंद.

जावयांनी विचारलं, "तुकडा कशासाठी?"

बाई म्हणाल्या, "खात्री करायला."

कसली खात्री, ते कुणीच विचारलं नाही. मी चष्मा पुसत बसले. स्वच्छ होता.

६ मार्च

आता खरं सांगते. तुलाच.

काल पहाटे पाचला मी ठकीला वाटीभर दूध-पाव नेऊन दिला. "आई, बजावलंय ना!" "अगं चार घास. पाव म्हणजे काय जेवण आहे? तोंडात गेला की विरला." उपाशीपोटी माझ्या घरातून कुणी बाहेर पडलेलं मला बघवत नाही. आजवर कुणी पडलं नाही! वाटी ठेवून मी आंघोळीला गेले. परत येते तो वाटी धुऊन पालथी.

आणि दवाखान्यात बाई विचारतात तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप. एरवी हे तोंड गप्प बसलेलं कुणी पाहिलंय?

७ मार्च

आजही बोलले नाही.

९ मार्च

ठकीनं अर्धं ताट परत केलं. "भरल्यासारखं वाटतं गं." मी म्हटलं, काळजीनं भूक मेली असेल. ती म्हणते, "बघ, ऑपरेशनचे कष्ट वाचले! घाबरवूनच बारीक करताहेत." जावई हसले. हसता हसता उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. गॅलरीत बघण्यासारखं काय आहे? समोरच्यांची चादर वाळत होती.

१० मार्च

भाजी निवडताना एकदम डोक्यात आलं — अगं, चूक माझी असेल तर ठकीचं पोट चांगलं आहे! ते अन्न म्हणजे माझा पावच. मग अडलंय कुठे काय? शिव्या खायची इतकी घाई मला जन्मात झाली नव्हती. चपला घातल्या आणि एकटी गेले. पाव तास बाकावर बसले, मग आत शिरून सगळं ओकले.

बाई आधी भडकल्या. "आजी, नळीच्या वेळी ते अन्न श्वासात गेलं असतं तर? जीव गेला असता तिचा!" मी मान खाली घातली. मग मात्र त्यांचा आवाज खाली आला. म्हणाल्या, पहाटे खाल्लं असेल तर अन्न दिसणारच. सुजेचं काय ते तुकडा सांगेल, पण अडथळ्याची भीती बरीच कमी झाली. गुरुवारी पुन्हा नळी. आदल्या दिवशीच दाखल करा, म्हणजे घरातलं कुणी लाड करायला नको!

घरी येऊन जावयांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, मग दोन्ही हातांत तोंड धरून रडले. म्हणाले, "आई, तुम्हाला काय बोलू!" मी म्हटलं, बोला, काय वाट्टेल ते बोला. आज सगळं गोड लागतंय.

११ मार्च

ठकी कारखान्यातून आल्यावर तिलाही सांगितलं. चिडेल वाटलं होतं. ती खाली बसली. माझा हात धरला.

"आई, मी नव्हता गं खाल्ला. तुला वाईट वाटेल म्हणून मोरीत ओतला आणि वाटी धुऊन ठेवली."

म्हणजे ते अन्न रात्रीचंच; डॉक्टरीणबाईंना हे उद्या दाखल करताना मीच सांगणार. जावयांना मात्र माझ्या तोंडानं सांगवत नाही. नात तुला उघडून त्यांना दाखवील. जावईबापू, वाचा — दवाखान्यात डबा आणाल तो तुमच्यापुरता, आणि खाल तो बाहेर बाकावर. ठकीसाठी काही आणू नका. मी मागितलं तरी नाही.