चेसी नंबर जुळतो

४ मार्च २०१३, सोमवार, चौसाळा

आज रुजू झालो. नवी नोकरी, नवी वही. पहिल्या पानावर बॉलपेन चांगलं दाबून नाव लिहिलं: बिभीषण, मुक्काम तलवाडा. दुसरं पान शकुनाचं म्हणून कोरं सोडलं. नाव डाव्या हातावरही गोंदलेलं आहे. आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा कारखान्याच्या तळावर हजार बैलगाड्यांत पोर हरवू नये, म्हणून आईने पाचव्या वर्षी गोंदवून घेतलं. रावणाच्या घरातला एकटा सरळ माणूस, असं ती नावाचं कौतुक सांगते. गावातली पोरं मात्र घरभेदी म्हणायची.

संस्था टँकरवाल्यांची आहे. भिंतीवर ‘विना सहकार नाही उद्धार’ रंगवलंय आणि खालचा माठ रिकामा. दुष्काळात इथे एकच पीक जोमात आहे, टँकर. सभासद जुने ट्रक घेऊन त्यावर टाकी बसवतात. घेण्याआधी गाडी कागदावरचीच आहे ना, ते मी बघायचं. बीडच्या गॅरेजात आठ वर्षं हेच केलं. चेअरमन भगवानराव म्हणाले, पाडव्याला कायमची ऑर्डर देतो. मग अंजनाला तलवाड्याहून घेऊन येईन. लग्नाला दोन वर्षं झाली, सगळा संसार फोनवरच चाललाय.

७ मार्च, गुरुवार

पहिलीच गाडी पकडली! चेसीवरच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरच्या, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की अंक कागदावर उठतात. मग ते आरसी बुकाशी ताडायचे. पण खरी गंमत बोटांना कळते. मागाहून ठोकलेला नंबर असेल तर दोन अंकांतलं अंतर सारखं नसतं, भोवतीचं लोखंड नको तितकं गुळगुळीत लागतं आणि रंग तेवढ्याच जागी ताजा असतो.

धंदा जुनाच आहे. अपघातात मेलेला ट्रक भंगारात जातो, पण त्याचे कागद मरत नाहीत. कोणी ते विकत घेतो, चोरीच्या ट्रकचा नंबर ग्राइंडरने घासतो आणि मेलेल्याचा नंबर ठोकतो. मेलेली गाडी पुन्हा रस्त्यावर. भगवानरावांनी पाठ थोपटली. रात्री झोप छान लागली.

९ मार्च, शनिवार

माझी ऑर्डर संचालक मंडळात मंजूर व्हायची आहे. तोवर तपासणीच्या फॉर्मवर माझी सही चालत नाही म्हणे. आधीचे तपासनीस उत्तरेश्वर यांची सही नोंदीत आहे, पाडव्यापर्यंत तीच करा, असा भगवानरावांचा सल्ला. मी चाचरलो तर म्हणाले, “नाव कुनाचं का आसंना, गाडी चालल्याशी मतलब.” उत्तरेश्वर कुठे आहेत विचारलं तर गावाकडे गेलेत म्हणाले.

अर्धा ताव सराव करायला घेतला होता. गरज पडली नाही, पहिल्याच खेपेला हुबेहूब उतरली. दुसऱ्यांचे खोटे नंबर पकडणारा मी. स्वतःची थोडी लाज वाटली, म्हणून अंजनाला फोनवर हे सांगितलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

दुपारी एक बाई आली. माझ्यापुढे भाकरी आणि ठेचा ठेवून, न बोलता निघून गेली. अकरा नंबरचा टँकर चालवणाऱ्या सटवाला विचारलं. तो आधी टाळत होता, मग बोलला. ती भिवराबाई, उत्तरेश्वरची बायको. बायको कसली, विधवा. गेल्या उन्हाळ्यात अकरा नंबरची चेसी बघायला उत्तरेश्वर खाली सरकला होता. नंबर ठोकलेला निघाला, सही करणार नाही म्हणत होता. उभा टँकर आपोआप गडगडला, असं सगळे सांगतात.

संस्थेच्या हजेरीपटावर तो अजून रोज हजर आहे. मेला असं लिहिलं तर त्याच्या सहीने पास झालेल्या गाड्या बंद पडतील ना. म्हणजे इतके दिवस मी मेलेल्या माणसाची सही करतोय. आजच पळून जायला हवं होतं. पण पाडवा सव्वीस-सत्तावीस दिवसांवर आलाय. भाकरी मात्र खाल्ली, कारण भूक लागली होती.

२१ मार्च, गुरुवार

चहावाल्याने न विचारता बिनसाखरेचा चहा दिला. तुमी असाच घेता की, म्हणाला. मला दोन चमचे साखर लागते. आजचा मात्र आवडला.

रस्त्यावरून कोणीतरी उत्तरेश्वर म्हणून हाक मारली. मी वळून बघितलं. ओ दिली.

२७ मार्च, बुधवार, धुळवड

रंग नाही, पाणी नाही. एका तांब्यात अंग पुसत होतो. डाव्या हातावर बोट फिरलं तिथेच थांबलं. गोंदणाभोवतीची कातडी गुळगुळीत. लव नाही. लहानपणीच्या लशीचा व्रण होता, तो नाही. अक्षरांतलं अंतर सारखं नाही.

अशी जागा मी लोखंडावर शंभरदा पाहिली आहे.

१ एप्रिल, सोमवार

हातावर कागद ठेवून पेन्सिल घासली. गोंदण कागदावर उठत नाही, कातडीला खोली नसते, हे मला कळतं. तरी घासली.

उठलं. उत्तरेश्वर. त्याच्याखाली काहीतरी घासून काढलेलं, ते वाचता येत नाही.

आईला फोन लावला. आवाज ऐकून म्हणाली, कोन पायजे?

५ एप्रिल, शुक्रवार

अंजना आली. मी फोन उचलत नाही म्हणून एसटीने एकटी आली. दारातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “दादा, हितं बिभीषण नावाचे काम करत्यात, ते कुटं बसत्यात?”

मी म्हणालो, अगं मीच. ती दोन पावलं मागे सरली. पदर सावरला. मी तिला आपल्या लग्नातला गोंधळ सांगितला, तिच्या पायाला चटका कसा बसला ते सांगितलं. ती रडायला लागली. हे परक्या माणसाला कसं ठाऊक, म्हणून घाबरून रडली. मी हात पुढे केला. तिने वाचलं, सातवी शिकलेली आहे. उत्तरेश्वर.

भगवानरावांनी तिला हजेरीपट दाखवला. बिभीषण नावाचा माणूस इथे कधी आलाच नाही. कागदावर ते खरंच आहे. ती तीनच्या एसटीने परत गेली. मी खिडकीतून बघत राहिलो. मी मेलो असतो तर निदान माझ्या नावाने रडली असती.

८ एप्रिल, सोमवार

भिवराबाई पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, “ह्यांना मरू बी देईनात. एकदा मेला म्हनून लिवा, म्या कुकू पुसते. तुमच्या आदी एकजण आलता, त्यो सोताचं नाव इसरला आन् त्याच गाडीखाली गेला.”

त्याचं नाव काय होतं विचारलं. तिला माहीत नाही. कुणालाच नाही.

एकच वाट आहे. अकरा नंबरची खरी छाप घ्यायची. फॉर्मवर लिहायचं, चेसी नंबर जुळत नाही. खाली माझी सही. माझ्या नावाची. मग बीडला आरटीओत नेऊन द्यायचं. उत्तरेश्वर कागदावरही मरेल आणि मी —

१० एप्रिल, बुधवार

पाडवा उद्या. सटवा जेवायला गेलाय. टँकरची किल्ली मी काढून खिशात ठेवली, चारी चाकांना दगड लावले. भर दुपार आहे. वही घेऊन खाली सरकलो, इथेच लिहितोय. छाप घेतली. खाली दुसराच नंबर आहे, स्पष्ट.

फॉर्मवर लिहिलं — जुळत नाही. आता सही —

नाव आठवत नाही. हात आपोआप उ काढतो. खोडलं. पुन्हा उ.

वहीचं पहिलं पान फाडलेलं आहे. मी फाडलं नाही — पण पेन दाबून लिहिलं होतं. दुसरं पान कोरं आहे. त्यावर खोल उमटलं असेल.

पेन्सिल घासतोय.

इंजिन सुरू झालं. किल्ली माझ्या खिशात आहे. चाचपून पाहिली — आहे.

दगड करकरतोय. घाई करायची नाही, कागद फाटेल. हळूच. आई म्हणायची, हरवला तर कुणीतरी वाचून आणून सोडेल —

उठतंय. बि. पुढे भी. पुढे —