सात नंबरची डबी

चंद्रपूर
१८ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. रुखमाबाईस,
धाकट्या भावाचा, हेमराजचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या कानांना फोन झेपत नाही, हे एका परीनं बरंच झालं. पस्तीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता निदान स्वतःची लिहायला मिळतात.

कामाचं सांगतो. दिवाळीची साफसफाई निघाली आणि सूनबाईनं, मंजुषानं, माझ्या पलंगाखालून नाण्यांच्या डब्या ओढून काढल्या. मोजल्या तर एकेचाळीस. नातीची, उर्वशीची, यंदा दहावी आहे आणि दोन खोल्यांच्या या घरात पोरीला टेबल टाकायला जागा नाही. तेव्हा पलंग जाणार, मला घडीची खाट येणार आणि त्या जागी टेबल. मंजुषा रागानं काही बोलली नाही. नाणी ठेवा बाबा, पण ही रिकामी खोकी कशाला, एवढंच विचारलं. आणि बाई, तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

नाणी म्हणशील तर एका बारक्या स्टीलच्या डब्यात मावली. प्रत्येकाला कागदाचं पाकीट, वर ओल शोषणारी पुडी. पण टाकसाळीतून नाणं ज्या मखमली डबीत येतं, तिच्यात नंबराचं कार्ड असतं. ती गेली की नाणं नुसतं नाणं उरतं, पाकीट हरवलेल्या पत्रासारखं. टाकायला माझा हात होत नाही. तुझ्याकडे ठेवशील का? जागा कोरडी हवी, उंदीर नकोत आणि कोणी उघडझाक करू नये. प्रत्येकीच्या बुडाला मी पेन्सिलीनं नंबर घातला आहे. तुझा निकेश इकडे येईल तेव्हा पोतं त्याच्याबरोबर देतो.

लोभ आहे तेवढा राहू दे, त्याला जागा लागत नाही.

तुझा,
हेमराज


आरमोरी
६ नोव्हेंबर २०२४

चि. हेमराजले रुखमाबाईचे अ. उ. आ.

तुह्या एकेचाळीस डब्या पोचल्या. माह्या पोरानं पोतं पायात धरून बसमधी आणलं अन् घरी येऊन मलेच विचारते, मामानं यात काय भरलं म्हणून. मीनं सांगतलं, काईच नाई. निकेश हसून हसून बेजार झाला. शेजारची रोशनी म्हणे, काकू आता सोनाराचं दुकान टाकते.

ठेवाले कोरडी जागा या घरात एकच, माही बियाची ढोली. बांबूची हाये, शेणामातीनं लिपलेली. एकदा तोंड लिपलं की मिरगापर्यंत तिले कोणी हात लावत नाई. पन हेमराज, त्या ढोलीचंच काई खरं नव्हतं. निकेश आता बियाच्या थैल्या दुकानातून आनते. ढोली उगाच कोपरा अडवून राह्यली, धान निघालं की मोडतो अन् तिथी फ्रीज ठेवतो, असं त्यानं पक्कं केलं होतं. माह्याजवळ जुन्या धानाच्या बिया हायेत, एका-एका जातीची ओंजळभर. दरसाल वावरातल्या बांधीच्या एका कोपऱ्यात लावून जिवंत ठेवल्या. तो कोपराबी पुढच्या साली देनार नाई म्हणते. दोन-तीन सालं पेरलं नाई त बी मरते, मंग ते कुठून आनू? या गोष्टीनं माह्या जिवाले घोर लागला होता.

म्हणून तुह्या डब्या मीनं ढोलीत ठेवल्या, तोंड लिपलं अन् निकेशले सांगतलं की रिकाम्या असल्या तरी हा मामाचा खजिना हाये, मामानंच लिहिलं, त्याची चिठ्ठी आल्याबिगर ढोली मोडाची नाई. खोटं मी बोलली, तू फक्त गप राह्यजो.

सहा सालं झाली, तू इथी आला नाईस. डब्या आल्या, डब्यांचा मालक नाई आला. माया करत राह्यजो.

तुही,
रुखमाबाई


चंद्रपूर
३ जानेवारी २०२५

ती. स्व. रुखमाबाईस,
सा. न. वि. वि.

तुझा खजिना वाचून मंजुषासुद्धा हसली. मी गप्प आहे, काळजी करू नकोस.

आता आनंदाची बातमी. आमच्या नाणेप्रेमी मंडळाचं प्रदर्शन इथं १८ आणि १९ जानेवारीला भरतं आहे आणि मंडळाचे वामनराव यांनी मला अर्धं टेबल दिलं आहे! अर्धंच, पण दिलं. तीस वर्षं ही नाणी मी एकट्यानं पाहिली. घरच्यांना बोलावून दाखवावी तर कोणाला चहा ठेवायचा असतो, कोणाला अभ्यास. एकदा तरी चार परक्या माणसांनी वाकून पाहावं, असं फार वाटतं.

मी लोंबीचा संच मांडणार. तीन नाणी, तिन्हींवर धानाची लोंबी. पण नियम असा की संच त्याच्या मूळ डबीत, मूळ कार्डासकट हवा. त्याची डबी सात नंबरची. तुला ढोलीचं तोंड फोडावं लागेल, त्याबद्दल रागावू नकोस. निकेश १७ तारखेला इकडे येणारच आहे, त्याच्याजवळ दे. कोणी उघडू नये, मखमलीला बोटं लागतात. मीसुद्धा टेबलावरच उघडणार.

उत्तर धाड. लोभात कसर पडू देऊ नकोस, ती डब्यांना लागली तर मी पाहून घेईन.

तुझा,
हेमराज


आरमोरी
१५ जानेवारी २०२५

चि. हेमराजले अ. उ. आ.

ढोलीचं तोंड फोडलं, सात नंबरची डबी निकेशच्या थैलीत ठेवली. पन एक गोष्ट तुले सांगाची राह्यली, म्हणून घाईनं लिहून राह्यली. निकेशले हे ठाव नाई, म्हणून चिठ्ठी त्याच्या हाती न देता टपालानं धाडते.

आपल्या मायनं कोणाचं भांडं कधी रिकामं परत केलं नाई. शेजारची वाटी आली तरी तिच्यात चिमूटभर साखर टाकून धाडे. तुह्या डब्या मीनं पाह्यल्या, सगळ्या रिकाम्या. भावाच्या घरचं रिकामं घरात ठेवाले मले बरं वाटलं नाई. मंग नाण्याच्या खळग्यात मीनं बी भरलं. सगळ्याच डब्यांत. झाकण कसं घट्ट बसते, ना ओल ना उंदीर, सरकारनं बियासाठीच केल्या जशा काई.

सात नंबरच्या कार्डावर लोंबी दिसली म्हणून तिच्यात सगळ्यात चांगलं ठेवलं. हिरानक्की, लुचई अन् चिन्नोर, जुन्या धानाच्या तीन जाती. तवा लोकांपुढं मांडाच्या आधी घरीच उघडजो अन् बी पुडीत काढून ठेवजो. फेकू नको, बाप्पा.

रागावला त तिकडंच रागाव, इथी येताना हसत ये.

तुही,
रुखमाबाई


चंद्रपूर
२० जानेवारी २०२५

ती. स्व. रुखमाबाईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. प्रदर्शन काल संपलं. जन्मभर पोस्टाची बाजू घेऊन भांडलो, त्याचं हे फळ.

आता काय झालं ते ऐक. शनिवारी पांढरा सदरा घालून टेबलापाशी उभा राहिलो. समोर वामनराव, दोन परीक्षक आणि वीसेक माणसं. मोठ्या ऐटीत सात नंबरची डबी उघडली, तर तीनही खळग्यांत धान! चार दाणे टेबलावर सांडले. नाणी माझ्या हातात आणि ठेवायला जागा नाही. बाई, खरं सांगतो, तुझा इतका राग आला की कानशिलं तापली. वामनरावांनी खाली मान घालून सांगितलं की मूळ मांडणी नाही, संच स्पर्धेत धरता येणार नाही. मला वाटलं, आता पुढच्या साली अर्धं टेबलसुद्धा मिळायचं नाही.

तेवढ्यात सिंदेवाहीकडचे एक म्हातारे शेतकरी पुढे आले, पत्रूभाऊ. त्यांनी सांडलेला एक दाणा उचलला, नखानं सोलला, वास घेतला आणि दाताखाली धरला. मग म्हणाले की ही हिरानक्की आहे, बाप गेल्यावर त्यांच्या गावात कोणी पेरली नाही, चाळीस वर्षांनी पाहतो आहे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मग काय विचारतेस! बाजूच्या टेबलांवरची माणसं माझ्याकडे आली. धान पाहायला वाकायची आणि वाकलीच आहेत तर नाणीही पाहायची. दोन दिवस माझ्या अर्ध्या टेबलापुढची गर्दी हटली नाही.

निकेश आदल्या रात्री इथंच राहिला होता, तो माझ्या मागे उभा. पत्रूभाऊंनी त्यालाच विचारलं की हे बी कोणी जपलं. पोरग्यानं सांडलेले दाणे आधी वेचून डबीत टाकले. मग म्हणाला की माझ्या मायनं. दिवसभर त्यानं ते किती जणांना सांगितलं, मी मोजलं नाही. पत्रूभाऊंना अर्धी हिरानक्की त्यानंच पुडीत बांधून दिली. बक्षीस दुसऱ्याला गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि हे मी उगाच लिहीत नाही.

डबी निकेशबरोबर परत पाठवली आहे. उरलेली हिरानक्की वेगळ्या पुडीत दिली आहे, लुचई आणि चिन्नोर आपापल्या खळग्यांत आहेत. तिसरा रिकामा पडला होता, आणि मीही त्याच मायचा पोरगा आहे. लोंबीचं मधलं नाणं त्यात ठेवलं आहे. ते तुझं. संच तुटला तर तुटला.

तुझ्या लोभाचं मी काय परत करणार?

हेमराज


आरमोरी
९ फेब्रुवारी २०२५

चि. हेमराजले रुखमाबाईचे अ. उ. आ.

निकेश आला अन् आधी पाय न धुता मले पत्रूभाऊची गोष्ट सांगत बसला. मंग साऱ्या मोहल्ल्याले सांगतली. दोन रोज गेले, जेवताना हळूच म्हणते, माय, कोपरा कायले, नाल्याकडच्या दोन बांध्या तुह्या, त्यात तुह्यं बी लाव. मीनं वर पाह्यलं नाई, भात वाढत राह्यली. पाह्यलं असतं त रडली असती. फ्रीज ओसरीत ठेवला. ढोली जिथल्या तिथी हाये.

तुह्यं नाणं पाह्यलं. लोंबी चांगली काढली, पन दाणे कमी हायेत. रोशनी म्हणे, हे भावाले परत धाडा, त्याचा जोड तुटला. नाई धाडत. नाणं डबीत ठेवलं, डबी ढोलीत ठेवली अन् तोंड लिपून टाकलं. माह्या हाताचा ठसा आत्ता ओलाच हाये. एकदा तुह्यासाठी फोडली, दुसऱ्यांदा फोडत नाई. ढोली आता मिरगाले उघडते, हे तुले लहानपनापासून ठाव हाये.

बाकीची दोन नाणी तुह्याजवळ हायेत. ती घेऊन पेरणीले ये. उर्वशीची परीक्षा तोवर होते, तिलेबी आन, मंजुषालेबी आन. झोपाले जागा पुरते का, हे विचारू नको. इथी आंगण हाये.

तुही वाट पाहून राह्यलेली,
रुखमाबाई