आईच्या न्गातूचे तीन खण

ओटाहुहू, ऑकलंड
गुरुवार, १७ ऑगस्ट २०२३

प्रिय टोआकासेताई,

तुला, भावोजींना आणि सिसिलियाला नमस्कार. देवाच्या दयेने मी धडधाकट आहे, तुम्हीही सगळे असाल. इकडे थंडी हाडात शिरतेय. चर्चमधली निम्मी गाणारी मंडळी खोकतायत, त्यामुळे गेल्या रविवारी माझ्यासारख्या बेसूर बाईलाही पुढच्या रांगेत उभं केलं. तू असतीस तर हसून हसून बाकाखाली गेली असतीस.

पत्र सोसाइआच्या हातून पाठवतेय. पाकिटाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलीय, आपला मामेभाऊ किती चौकश्या आहे ते तुला ठाऊक आहेच. तरीही उघडलेलं दिसलं तर त्याचा कान धर. तू म्हणशील, दर दोन दिवसांनी फोन होतो, मग हिला पत्राचं खूळ कुठून लागलं? ताई, फोनवर तुझा आवाज आला की मी खोटं बोलते. मला सवयच लागलीय त्याची. म्हणून कागद.

सिसिलियाच्या लग्नपत्रिकेचं चित्र तयार आहे. लाकडात कोरलं, दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा जमलं. गॅरेजमधलं माझं छपाईयंत्र आता कुरकुरत नाही, नवा रोलर बसवलाय. कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस शिकवते. पोरं विचारतात, मॅडम, तुम्ही छपाई कुठे शिकलात? मी सांगते, आईच्या अंगणात. पानांची आणि नारळाच्या हिरांची शिवलेली नक्षी खाली, वर न्गातू, म्हणजे झाडाची साल कुटून केलेलं कापड, आणि कोकाच्या सालीच्या तपकिरी रंगात बुडवलेला बोळा घासत न्यायचा. ही छपाईच की. आम्ही फक्त तिला छपाई म्हणत नव्हतो.

बघ, मी अजून इकडचं तिकडचंच लिहितेय.

रविवारी तुझा निरोप आला. "डिसेंबरात येताना आईचा न्गातू घेऊन ये. जाताना तिला तो लागला नाही, निदान नातीच्या लग्नात तरी अंगणभर उलगडू दे. नवऱ्याकडचे बघतच राहतील." मी तुला लाल बदाम पाठवला आणि फोन पालथा ठेवला. तेव्हापासून नीट जेवले नाही.

तो न्गातू माझ्याकडे कसा आला हे तुला आठवत असेल. राखेच्या वर्षी. छतावर, विहिरीत, भाकरीफळाच्या झाडावर, सगळीकडे ज्वालामुखीची राख. आई म्हणाली होती, घर धुऊन निघेल, पण याला डाग पडला तर मी कशावर निजू? गुंडाळी चटईत बांधून तिने जहाजाने माझ्याकडे पाठवली. स्वतःच्या मरणासाठी केलेला वीस खणांचा न्गातू. लेसिएलीकाकू आणि गावातल्या नऊ बायकांनी आईबरोबर बसून जोडलेला, काठाच्या पांढऱ्या पट्टीवर आईने स्वतः एकापासून वीसपर्यंत आकडे घातलेला. ती फोनवर म्हणाली, "तुझ्याकडे फक्त ठेवायला आहे हं, पेले. मी सांगेन तेव्हा आण." म्हणजे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही म्हणू शकत नाही.

त्याच वर्षी माझं मोठं प्रदर्शन होतं. सहा महिने खपले, पण कागदावर आईचा रंग उतरेना. तो तपकिरी रंग कागदावर चहा सांडल्यासारखा दिसायचा. मांडणी करणारी बाई भली होती. तिने एवढंच म्हटलं, "सगळं छान आहे, पण मधली भिंत रिकामी वाटते." त्या आठवड्यात मी गुंडाळी उघडली. फक्त बघायला, असं स्वतःला सांगत होते.

मी आईच्या न्गातूचे तीन खण कापले, ताई. नववा, दहावा आणि अकरावा. त्यावर माझे काळे पक्षी छापले आणि मधल्या भिंतीवर टांगले.

मनाची समजूत काय घातली, तेही लिहिते. आई चौसष्ट वर्षांची, अजून साल कुटायची ठोकणी धरली की गल्ली जागी करते. तिला मरायला वीस वर्षं आहेत. पुढच्या सुट्टीत घरी जाईन, बायकांना जेवण घालीन, तीन खण पुन्हा करून जोडून घेऊ. कामच तर आहे. लोकांनी त्या भिंतीसमोर उभं राहून डोळे पुसले. एका संस्थेने ते खण विकत घेतले. मी सही केली.

मग उरलेली दोन टोकं जोडली. कंद अर्धवट शिजवून त्याची खळ केली, आईने शिकवली तशी. जोड बेमालूम झाला. पण आकडे राहिले ना! आठानंतर एकदम बारा. मग बाराचा नऊ केला, तेराचा दहा, असं करत शेवटच्या विसाचा सतरा. जुने आकडे खरवडून, आईच्या अक्षराचं वळण गिरवून. माझा हात चांगला आहे, सगळे म्हणतात. त्या दिवशी तो फारच चांगला चालला.

या फेब्रुवारीत आई डोळे दाखवायला माझ्याकडे आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "गुंडाळीला ऊन दाखवू या." मी शंभर सबबी सांगितल्या. तिने ऐकलं नाही. चर्चच्या मागच्या गवतावर आम्ही दोघींनी न्गातू उलगडला. ती गुडघ्यांवर रांगत काठाकाठाने निघाली, हाताने साल चाचपत. जोडापाशी थांबली. नक्षी तिथे जुळत नव्हती, ते मलाही उभ्या उभ्या दिसत होतं.

"किती खण गं हे?" तिने विचारलं.

"सतरा," मी म्हटलं. "सतराच होते ना, आई?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तळहात तिथेच ठेवून म्हणाली, "असतील. माझं वय झालं. मोजणी चुकते."

मोजणी! ताई, जिने चाळीस वर्षांत कुणाच्या लग्नाचा, कुणाच्या मयताचा एक खण इकडचा तिकडे होऊ दिला नाही, ती माझ्या तोंडावर म्हणाली, मोजणी चुकते. मग तिने स्वतःच गुंडाळी केली, दोरी बांधली आणि म्हणाली, "तुझ्या गॅरेजात दमट आहे. नीट जप." घरी येऊन टॅरोच्या पानात मांस बांधायला बसली, आणि मी तिला नारळ खवून दिला.

ती आणखी चार दिवस होती माझ्याकडे. रोज सकाळी चहा घेऊन गॅरेजात माझ्यासमोर येऊन बसायची. मला वाटलं, तिला माझं काम बघायचंय. आता कळतं, ती मला जागा करून देत होती. एक वाक्य बोलायला मला चार सकाळी दिल्या तिने, आणि मी चारही सकाळी शाई घोटत बसले.

मे महिन्यात आई गेल्याचा तुझा फोन आला. त्यावेळी तू रडत रडत जे सांगितलंस ते माझ्या कानातून जात नाही. "शेवटी शुद्धीत होती तेव्हा म्हणाली, पेलेकडचा न्गातू मागवू नकोस. तिच्याकडेच राहू दे, तिकडे थंडी असते. बघ, जाता जाताही तुझीच काळजी." तुला ती माया वाटली. मायाच होती. पण ती माझी थंडी झाकत नव्हती ताई, माझी चोरी झाकत होती. त्यासाठी ती उसन्या कापडावर निजली.

आणि विमानाला जागा नव्हती हेही खोटं. शुक्रवारी जागा होती, शनिवारीही होती. रिकाम्या हाताने आले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, आणि घेऊन आले असते तर बायकांनी तो उलगडला असता. म्हणून आले नाही. तू सुतकाची फाटकी चटई कमरेला गुंडाळून दहा दिवस चुलीपाशी राबलीस, रीतीप्रमाणे केस कापून दिलेस. मी ते फोटोत बघितलं आणि इथे स्वयंपाकघरातल्या कात्रीने माझे कापले. त्याला काय अर्थ? शोकाचे म्हणून माझे केस मागायला इथे वडीलधारं कोण होतं?

सोसाइआने मला पुढचंही सांगितलंय. लेसिएलीकाकूने आपला न्गातू दिला, पण देताना म्हणाली, "अख्ख्या गावाला अंथरूण पुरवणारी बाई, आणि शेवटी शेजारणीच्या अंथरुणावर! धाकटी काय करते तिकडे?" आणि तू भर अंगणात उठून म्हणालीस, "माझ्या बहिणीला विमान मिळालं नाही, काकू. तुझ्या जिभेला बरं रोज मिळतं!" सगळे हसले म्हणे. तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर होतं, ताई. तिने त्या न्गातूवर हात झिजवले होते, तिला विचारायचा हक्क होता. माझ्यापायी तू तिला तोडलंस.

गेल्या महिन्यात त्या संस्थेत जाऊन मी तीन खण परत मागितले. नम्रपणे नाही म्हणाले. बघायला मात्र दिले. लांबलचक ड्रॉवरमध्ये, पातळ कागदाखाली ठेवलेत. माझा हात आपोआप पुढे गेला तर तिथली मुलगी म्हणाली, "माफ करा, हात लावता येत नाही." आईच्या तळहाताचा डाग होता दहाव्या खणाच्या कडेला. मी त्यावर पक्षी छापताना तो पाहिला नव्हता.

मी डिसेंबरात येतेय. तू नको म्हणालीस तर गुंडाळी सोसाइआबरोबर पाठवीन, पण मला यायचंय. खोटे आकडे मी पुसलेत, खाली आईचे पुसट दिसतात. हा लग्नात द्यायचा नाही, सिसिलियाच्या माथी मी असली भेट मारणार नाही. लग्नाआधी एके दिवशी सकाळी त्या नऊ बायकांना आणि लेसिएलीकाकूला बोलाव. त्यांच्यासमोर मी तो उलगडीन आणि सांगेन, इथे लिहिलंय ते सगळं, तोंडाने. त्या काय बोलतील ते बोलू देत. काकूने तोंडात मारली तरी तू मधे पडायचं नाहीस.

आणि उलगडताना माझ्या शेजारी बसू नकोस. समोर बस, त्यांच्यात. या वेळी माझी बाजू घेऊ नकोस, ताई.

पेलेनाइसे