बुरखोबा कुठला देव?

मुक्काम आपला पाडा, वैशाखऱ्याजवळ, तालुका मुरबाड
चैत्र वद्य, मंगळवार, सन १९३९

महादूदादास लडकूचा पाया पडून नमस्कार. पयली गोष्ट पयली सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तू निवांत शिव्या देत वाचशील. दादा, आपल्या घरच्या त्राटिकेचा मुखवटा माझ्या हातनं मोडला. नुसता मोडला असता तर मी पत्र लिहायची तसदी घेतली नसती, गप बसलो असतो. मोडल्यावर मी जे केलं ते मोडण्याहून वाईट हाय, आणि केल्यावर गावानं जे केलं ते तर मला अजून समजत नाय. तू परळात राहतोस, गिरणीत चार जातीच्या माणसांत वावरतोस, तुला समजलं तर मला कळव.

बाकी इकडं सगळे खुशाल. बाबा खुशाल, आई खुशाल, तांबडी गाय व्यायली ती नि वासरू खुशाल. आत्या, म्हणजे तुझी आई, जरा नको तेवढीच खुशाल हाय, त्याचं पुढं येईल. कमळवहिनी नि तान्ही बरी असेल. तान्हीच्या कानात तेल घालत जा, असं आई सांगते. तू बोनस मिळाला का ते लिहिलं नायस, असं बाबा सांगतात. (मी काय सांगत नाय. मी सांगण्याच्या लायकीचा राहिलो नाय.)

तर मुखवटा. तू गिरणीला लागल्यापासून बोहाड्याला, देवीपुढच्या त्या रातभरच्या सोंगांना, फिरकला नायस, म्हणून आठवण देतो. आपल्याकडं सोंग म्हणजे तमाशा नव्हे. पांगाऱ्याच्या लाकडाचा मुखवटा तोंडावर चढला की आतला माणूस संपला, बाहेर नाचतो तो देव नायतर राक्षस. गणपती कुणाच्या घरचा, रावण कुणाच्या घरचा, ते ठरलेलं. बापाकडनं पोराकडं येतं. आपल्याकडं त्राटिका. आणि ज्या घराचं सोंग एक साल बाहेर पडलं नाय त्याचा मान गेला, मंग त्यानं मांडवात मागं, जिथं लोक चपला काढतात तिथं बसायचं. बाबांचे गुडघे गेल्या साली नाचता नाचता अडले, तवा बोहाड्याचा कारभारी देवजी सगळ्यांसमोर बोलला, "वाळू, तुझी त्राटिका म्हातारी झाली रे!" माणसं हसली. बाबापण हसले, पण घरी येऊन जेवले नाय. म्हणून यंदा सोंग मी घ्यायचं ठरलं, नि मुखवटा मुरबाडच्या रंगाऱ्याकडनं नवा रंगवून आणायला मलाच धाडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून धाडलं, माझ्यावर भरवसा व्हता म्हणून नव्हे, हे तुला सांगायला नको.

आता दिवाळीत परळला तुझ्याकडं राहिलो व्हतो तवाची गोष्ट कबूल करतो. तू मला मुकादमाकडं नोकरीला रोज धाडत व्हतास, आणि मी रोज येऊन "मुकादम भेटला नाय" असं सांगत व्हतो. मुकादम भेटला नाय हे खरं, कारण मी त्याच्याकडं गेलोच नाय. मी तुझ्या चाळीसमोरच्या थेटरात बुरखेवाला बहाद्दर बघत व्हतो. दादा, काय माणूस तो! अर्ध्या तोंडाला काळा बुरखा, अंगावर काळी शाल, हातात दोराचा फास. दुष्ट दिवाण गरिबाला छळायला लागला की हा पळत्या घोड्यावरनं पळत्या मोटारीत उडी टाकतो, फास फेकून दिवाणाचा फेटा उडवतो, आणि कमरेवर हात ठेवून बोलतो, "खबरदार! जुलूम जिधर, हम उधर!" खालच्या बाकावरची माणसं उठून शिट्या मारतात, मीपण मारल्या. तवापासून माझं डोकं ठिकाणावर नाय. गावात आलो तर माझा दोस्त रघू, त्याला शिकवलं, रघूनं बाकीच्यांना. आमी बांधावरनं उड्या टाकतो, कुत्र्यांना खबरदार करतो. आईच्या दोन परकरांची शाल झाली. (परकर कुत्र्यानं नेले असं तिला वाटतंय. ते तसंच राहू दे.)

मुरबाडवरनं मुखवटा घेऊन येताना मागनं रघू रिकामी बैलगाडी घेऊन आला, आणि बांधाला धाऊ भगताची म्हैस चरत व्हती. म्हैस म्हणजे घोडा, गाडी म्हणजे मोटार, एवढं कुणालाही सुचेल. उघड्या तोंडानं उडी टाकायची नाय असा नियम हाय, म्हणून त्राटिका तोंडावर बांधली. मी म्हशीवरनं उडी टाकली आणि त्याच क्षणाला म्हैस खाली बसली. मी चिखलात, त्राटिका चाकाखाली. उचलून बघतो तर नाकाखालचा सगळा जबडा, दात नि लोंबती जीभ एकीकडं, नि डोळ्यांचा वरचा भाग दुसरीकडं. रघू बोलला, "लडक्या, तू मेलास." आणि गाडी हाकून निघून गेला. दोस्त असा.

मी जबडा पेंढ्याच्या उडव्यात खुपसला नि वरचा भाग घेऊन बसलो. विचार केला, बाबांना सांगू. मंग बाबांचं ते हसणं आठवलं. मंग त्या अर्ध्या मुखवट्याकडं बघितलं, आणि दादा, शपथ घेऊन सांगतो, तो अर्धा मुखवटा माझ्याकडं बुरखेवाल्यासारखा बघत व्हता! तसंच अर्धं तोंड, तसेच डोळे. काजळी नि तेल कालवून फासलं, तर तोच. घरी विचारलं तवा बोललो, मुखवटा फडक्यात बांधलाय, सोंग निघायच्या आधी उघडायचा नाय असं रंगाऱ्यानं सांगितलंय. बाबा बोलले, "बरं बरं, रंगारी जाणता हाय."

बोहाड्याच्या रातीला सोंगामागनं सोंग निघालं, आपली पाळी पार उजाडल्यावर आली. देवजीनं मांडवाच्या तोंडाशी उभं राहून पुकारलं, "वाळूच्या घरची त्राटिका येतेय होऽऽ!" पोरं आधीच आयांच्या मागं लपली. आणि पडद्यामागनं मी निघालो, अर्धं तोंड काळं, अंगावर घोंगडी, हातात गायीचं दावं. सांबळवाल्याचा हात तसाच वर राहिला. त्राटिकेचा ठेका निराळा, ह्याला काय वाजवावं त्याला कळेना. मंग त्यानं घाबरून सगळंच एकदम वाजवलं, आणि खोटं कशाला बोलू, ते थेटरातल्या बाजासारखंच वाजलं. तिथं माझा तोल गेला. मी खांबावर चढलो, खांबावरनं गणपतीच्या चौरंगावर उडी टाकली, दाव्याचा फास केला नि फेकला. फेकताना समोर कोण हाय ते बघितलं नाय. समोर देवजी व्हता. त्याचा फेटा उडाला तो थेट समईजवळ.

दादा, देवजीचं टक्कल गावानं पयल्यांदा बघितलं. तो टक्कल झाकत बोलला, "वाळू, हे काय सोंग हाय? कुठला देव हाय हा? बोल!" बाबा उठले. गुडघे धरून उठले. बोलायला गेले, पण काय बोलणार, त्यांना काय ठाऊक! देवजी बोलला, "देव नसेल तर देवीच्या मांडवात विटंबना झाली. आजपासून वाळूच्या घराचा मान बंद. जा, चपलांपाशी बस." बाबांनी माझ्याकडं बघितलं नाय. मान खाली घातली नि खरंच मागं जायला वळले. मी बुरखा काढून सगळं सांगणार व्हतो, हात वर गेला व्हता, देवीची आण.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातनं किंकाळी आली. बघतो तर आत्या! केस मोकळे, डोळे फिरलेले, अंग घुमतंय. धाऊ भगत धावला, "वारं आलं! वारं आलं! कोण हाय बाबा? नाव सांग!" आणि दादा, तुझी आई, जिला 'पानी' नि 'चलो' ह्यापलीकडं हिंदी येत नाय, ती कमरेवर हात ठेवून गरजली, "खबरदार! जुलूम जिधर, हम उधर!"

धाऊ आडवा पडला, त्याच्यामागं सगळा मांडव आडवा पडला, शेवटी देवजीपण टकलासकट आडवा पडला. धाऊनं विचारलं, "देवा, वाळूच्या घराचं काय?" आत्या बोलली, "ये घर हमारा! मान इसका, नारळ भी इसका!" धाऊनं विचारलं, "आणि तुला काय पायजे?" तर बोलली, "हमको घोडा मंगता!" आणि खाली कोसळली. मंग देवजीनं स्वतःच्या हातानं बाबांना पुढं आणून पाटावर बसवलं, मानाचा नारळ दिला. अर्ध्या मुखवट्याला हळदकुंकू लागलं. धाऊनं नाव ठेवलं बुरखोबा.

तवापासून माझी मती चालत नाय. माणसं घरी येतात, बुरखोबाची माहिती विचारतात. वार कुठला? मी बोललो शनवार. (थेटरात शिनेमा शनवारी बदलतो, दुसरं काय आठवलं नाय.) आता बाया शनवार धरतात. खातो काय? शिनेमात तो काय खाताना दिसला नाय, नुसता गातो, म्हणून बोललो, गाण्यावर राहतो. तर रोज संध्याकाळी ओट्यावर भजन! पारूची हरवलेली बकरी नवस बोलल्यावर तिसऱ्या दिवशी आली, ती माझ्यापुढं आणून उभी केली, जशी काय मीच सोडवून आणली. देवजी पाव्हण्यारावळ्यांना तो फेटा दाखवतो, "देवानं सोताच्या हातानं उतरवला! आणखी कुणाचा उतरवलाय सांगा!" पोरं पळसाच्या पानाचे बुरखे बांधून म्हशींवरनं उड्या टाकतात, आणि म्हशीचा मालक आरडला तर म्हाताऱ्याच त्याला गप करतात. पुढच्या साली घोडा कुठनं आणायचा ह्यावर पंच बसलेत.

हसू नको. मला हसू येत नाय, भ्याव वाटतं. माझ्या डोक्यातलं वाक्य आत्याच्या तोंडात आलं कसं? देव नसेल तर कोण आलं? आणि देव असेल तर तो परळच्या थेटरात खालच्या बाकावरच्यांसमोर कशाला नाचत व्हता? काल आई बाहेर गेल्यावर मी त्या मुखवट्यापुढं हात जोडले. काजळी मीच फासली हे ठाऊक असून जोडले. आणि बाबा रोज सकाळी न्हाऊन त्याला फूल वाहतात. परवा मला बोलले, "लडकू, देवजीनं मला चारचौघांत पुढं बस बोललं रे." एवढंच. आणि मंग कितीतरी वेळ गुडघे चोळत बसले, पण तोंड हसरं व्हतं. खरं हसरं.

असो. आंब्याची अढी घातलीय. जाणाऱ्या माणसाबरोबर धाडतो.

तुझा आज्ञेतला (यापुढं तरी) भाऊ,
लडकू

ता. क. पत्र बंद करणार तर आत्या आली, माझा कान धरला नि पेंढ्यातला जबडा पुढ्यात आपटला. बोलली, "मेल्या, माझ्या भावाला चपलांपाशी बसवत व्हतास!" मी बोललो, आत्या, पण तुझ्या अंगात ते वाक्य... तर तिचं उत्तर जसंच्या तसं लिहितो: "अंगात कसलं! तान्हीच्या बारशाला आले व्हते तवा कमळनं मला तीनदा त्या शिनेमाला नेलं. महादूला सांगितलं महालक्ष्मीला जातो. पण घोडा पायजे हां, घोड्याशिवाय त्याला शोभा नाय." तर दादा, माझं अर्धं भ्याव गेलं. अर्धं हाय तसंच, कारण पारूची बकरी आत्यानं आणली नाय, मी विचारलं. वहिनीला बोलू नको. ती बिचारी मला चांगली पोळी वाढते.

आणखी ता. क. आता खरं काम. बाबांनी मनात घेतलंय की देव हिंदी बोलतो म्हणजे त्याचं मूळ ठाणं मुंबईकडंच असणार, आणि ते शोधून नारळ ठेवल्याशिवाय चैन पडणार नाय. ते येत्या शुक्रवारी तुझ्याकडं यायला निघतायत. आत्या सोबत येतेय, बोलते मला वाट ठाऊक हाय. (शनवारी त्या शिनेमाचा दुसरा भाग लागतोय असं रघूनं सांगितलं, आता तूच काय ते समज.) दादा, तुझ्या चाळीसमोर थेटरावर बुरखेवाला केवढा मोठा रंगवलाय, घोड्यासकट! बाबांना मागच्या गल्लीनं आण. गटारावरनं आण, गोदामातनं आण, पण समोरनं आणू नको.

आणि एवढं करूनपण ते समोर गेलेच, आणि पाटीवरचा बुरखोबा बघून चपला काढून रस्त्यात हात जोडलेच, तर दादा, तुझ्या पाया पडतो, तू पण टोपी काढ. बाजूच्यांनी हसलं तर त्यांना खबरदार कर. आणि हे कुणाला म्हणजे कुणाला सांगू नको.